मागचा खटका

चादर ओढली आणि बाईंचा उजवा हात मशीनच्या डोक्यावर गेला. डोळ्यांना अजून काही नीट कळायचं होतं. खिडकीतून आलेला दहा वाजताचा उजेड, चादरीतून उडालेली धूळ, दोन हमालांची धाप आणि त्या सगळ्याच्या मधे एक हिरवट लोखंडी आकार, एवढंच दिसत होतं. हाताला मात्र कळलं होतं. त्याने डोक्यावरची वाटोळी कडी दोन बोटांत धरली आणि फिरवायला पाहिली. कडी हलली नाही, गंजून बसली होती. मग बाईंच्या लक्षात आलं की आपला हात आपल्याला न विचारता कुठेतरी जाऊन आला आहे. तो त्यांनी एप्रनच्या खिशात घातला. समोर उभी असलेली पर्सवाली मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही ओळखता हे मशीन." बाई म्हणाल्या, "कातड्याचं काम मी घेत नाही." हे वाक्य त्या तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. बाहेरच्या पाटीवरही लिहिलेलं होतं, फक्त कपड्याची मशीनं. मुलीने ते वाचलं होतं. वाचूनही ती आली होती, कारण बाकी सगळ्यांनी तिला हे भंगारात घालायला सांगितलं होतं. बंद पडलेल्या एका बुटांच्या कारखान्यातून तिने ते आणलं होतं. घरी बसून ती पर्सा शिवायची, आणि पर्सेचा कोपरा साध्या मशीनवर वळत नाही म्हणून हातानेच टाके घालून तिच्या बोटांची चाळण झाली होती. हे मशीन कुठल्या कंपनीचं, किती जुनं, चालेल की नाही, एवढंच तिला हवं होतं. शोभेला ठेवणार का, असं बाईंनी विचारलं, ती नाही म्हणेल अशी आशा नव्हतीच. ती म्हणाली, "शोभेचं काय करू मावशी, मला शिवायचंय." बाईंनी चादर घडी घालून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ठेवून जा, बघते.

का म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुकान महिनाअखेरीला बंद व्हायचं होतं. गिऱ्हाइकांची मशीनं एकेक करून परत गेली होती, फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, भिंतीवर जिथे जिथे काही टांगलेलं होतं तिथे पांढरे चौकोन उरले होते. धाकट्या भावाने टेम्पो सांगून ठेवला होता. हा धाकटा भाऊ सत्तावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल, घरात सून आलेली, पण बाईंच्या तोंडी अजून बाळच. बाळ म्हणत होता, ताई, आता आमच्याकडे ये, खोली रिकामी आहे, एकटी कशाला मरतेस तिथे तेलाच्या वासात. त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं. खरं कारण त्याला माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बाई एका मशीनमध्ये दोरा ओवत होत्या आणि दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्यापाशी जाऊन थरथरलं. त्यांनी दोरा थुंकीने ओला केला, कापला, पुन्हा ओवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डावा हात होता. मग त्या गिऱ्हाईक निघून गेल्यावर दोरा ओवू लागल्या. डॉक्टरकडे गेल्या नाहीत, कारण डॉक्टर काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच ते एकदा कुणाला तरी सांगितलेलं होतं. त्या पार्श्वभूमीवर शेवटचं काम म्हणून हेच यावं, याला बाई नशीब वगैरे म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या स्वतःशी एवढंच म्हणाल्या, येऊन जाऊन यालाच यायचं होतं.

बाबांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत शिरताना बाबा मान वाकवायचे, आणि वर्षानुवर्षं वाकवून ती बाहेरही तशीच राहिली होती. बॅगा, पट्टे, बूट, डॉक्टरांच्या चामडी पेट्या, जे फाटेल ते तिथे यायचं. मध्यभागी मशीन. लांब नाकाचं, म्हणजे पुढे हातभर निमुळती दांडी निघालेली, जिच्यावर बूट उभाच्या उभा चढवता येई. दुसऱ्या मशीनांवर आपण कापड फिरवतो. या मशीनचं पाऊलच फिरतं. डोक्यावरची कडी वळवली की पाऊल वळतं आणि शिवण त्या दिशेला चालू लागते, बूट जिथल्या तिथे. लहानपणी बाईंना याचं फार अप्रूप होतं. बाबा उजव्या हाताने चाक फिरवत, डाव्या हाताने बूट नुसता धरत, आणि मधेच करंगळीने कडी वळवत. तो करंगळीचा झटका बाईंनी इतक्यांदा पाहिला होता की शाळेत वही शिवतानाही त्यांची करंगळी उडायची. मेणाचा, ओल्या कातड्याचा आणि बाबांच्या अंगाचा वास त्या खोलीत इतका एक झालेला होता की पुढे बाबा खिडकीपाशी नुसते बसून राहू लागले तेव्हा त्यांच्या अंगाला कसलाच वास येईना, आणि ते घरात आहेत की नाहीत ते मान वळवून पाहावं लागे.

पहिले चार दिवस मशीन रॉकेलमध्येच गेलं. बाईंनी जिथे जिथे फट होती तिथे ब्रशने रॉकेल सोडलं, जुनी फडकी गुंडाळली आणि वाट पाहिली. गंजलेल्या स्क्रूशी घाई करू नये. घाई केली की डोकं तुटतं, आणि मग बसा बोंबलत. पाचव्या दिवशी कडी फिरली. सहाव्या दिवशी चाकाने अर्धा वेढा घेतला आणि आतून वाटाण्याएवढा मेणाचा गोळा बाहेर आला. बाईंनी तो अंगठ्याने दाबला. वास आला. दुकानात कुणी नव्हतं, तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुष्कळ वेळ त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि दुपारचा डबा खायचा राहिला. हिरवा रंग कुणीतरी नंतर फासलेला होता, कारखान्यात बाकड्यांना लावतात तो. तो थिनरने खरवडल्यावर खालून काळा निघाला, आणि काळ्यावर पुसट सोनेरी वेलबुट्टीचे दोन वेढे. कंपनीची पट्टी नव्हती, ती जिथे असते तिथे दोन भोकं होती. नंबर सापडला, पण त्यातले तीन आकडे घासलेले. बाई भिंग घेऊन तासभर त्याच्याशी बसल्या. आणि हे सगळं करताना त्या जे शोधत होत्या ते त्यांनी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. बाबांच्या मशीनची रिळाची दांडी तुटली होती आणि तिथे त्यांनी पितळी बटण ठोकून बसवलं होतं. या मशीनची दांडी शाबूत होती, मूळचीच. म्हणजे हे ते नव्हे. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

पण होतं त्याच वाणाचं. ते त्यांना नंबरावरून कळलं नाही, भुवईवरून कळलं. मशीनचं पाऊल वर उचलायचा खटका या मशीनला मागच्या बाजूला होता. बाई मागून फडकं फिरवत होत्या आणि वाकून वर येताना त्यांनी कपाळ आपोआप बाजूला घेतलं, पन्नास-पंचावन्न वर्षांनी. सहा वर्षांच्या असताना मशीनमागे सांडलेल्या पितळी कड्या वेचत होत्या. उठल्या त्या थेट खटक्यावर. डाव्या भुवईतून रक्ताची धार लागली. बाबांनी मेणाचं फडकं दाबून धरलं आणि म्हणाले, थांब, रडू नको, चार टाके घालू, मशीन समोरच आहे. रडता रडता हसू आलं. डॉक्टरांनी तीन टाके घातले, आणि बाबा आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीची भुवई दाखवून सांगत होते, बघा, एवढं शिकलेला माणूस, पण टाके काही सारखे पडले नाहीत. ती खूण अजून आहे. बाईंनी ती बोटाने चाचपली, आणि बोटाला लागलेलं काळं तेल भुवईला लागलं.

टाके सारखे पडणं हा बाबांचा एकच गर्व होता. बाकी त्यांना कशाचाच गर्व नव्हता, आणि असावा असं घरात काही नव्हतंही. बाई वीस वर्षांच्या असताना शिवणयंत्रांच्या एका मोठ्या दुकानात दुरुस्ती शिकायला लागल्या. त्या दुकानात त्या एकट्या मुलगी. पहिल्या पगारातून त्यांनी आईला पातळ घेतलं नाही, बाळला बूट घेतले नाहीत. बाबांना सुयांची पुडी घेतली. कातड्याच्या मशीनच्या सुया, परदेशी, चकचकीत, काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन डझन. बाबांकडे त्या वेळी सात-आठ सुया उरल्या होत्या, एका डबीत, दगडावर घासून घासून धार दिलेल्या. बाबांनी पुडी उघडली, एक सुई उजेडात धरली, गालाला लावून पाहिली. मग डबी बाईंच्या हातात देऊन म्हणाले, आता या कशाला. बाईंनी ती डबी त्यांच्यासमोर कचऱ्यात रिकामी केली. हसत हसत. त्या गंजक्या सुया पडल्याचा बारीक आवाज झाला होता.

पंधरा दिवसांत बाबा एक बॅग घेऊन बाईंकडे आले. जिना चढून वर घरी आले, कामाच्या वेळी, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. पट्ट्याच्या शिवणीत मधेच एक टाका सुटला होता, पुढे बोटभर अंतरावर आणखी एक. "बघ गं जरा. तू शिकतेस ना." बाईंनी खाली जाऊन मशीन पाहिलं. सगळं काढलं, शटल साफ केलं, दोऱ्याचा ताण पाहिला, तेल घातलं. सुईही बदलून पाहिली. त्याच पुडीतली दुसरी. टाका सुटतच होता, पातळ कातड्यावर क्वचित, जाडावर हमखास. आपल्या दुकानाच्या मालकांना विचारावं असं क्षणभर मनात आलं होतं. पण दीड-दोन महिन्यांत बाई अर्ध्या हळकुंडाने चांगल्याच पिवळ्या झाल्या होत्या. आणि बाबांचा डावा हात त्या वर्षी हलायला लागलेला होताच. सगळ्यांना दिसत होता, कुणी बोलत नव्हतं. बाईंनी हात पुसले आणि दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायच्या त्या आवाजात सांगितलं, "मशीनमध्ये काही दोष नाही, बाबा. तुमचा हात हलतोय." बाबांनी हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिलं, सुलटा करून पाहिलं. म्हणाले, "असेल." सुया वाईट असतील असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांची ते आयुष्यभर चेष्टा करत आले होते, आणि हे अंगण तर पोरीने आणलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवर पोतं टाकलं. आई म्हणाली, बरं झालं, किती दिवस घासायचं माणसाने.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. खिडकीपाशी, उजव्या हातात डावा हात धरून. तो हात ते असा धरत की दुसऱ्याचा आहे आणि त्याला उठून जाऊ द्यायचं नाही. कुणी आलं की चहा नको म्हणायचे, आणि पाहुणा गेला की आईकडे मागायचे. सही करायची वेळ आली तेव्हा उजवा हात धड असूनही अंगठा दिला. सुंदर सही होती त्यांची. जुनी गिऱ्हाइकं जिना चढून येत, एवढं एक करून द्या म्हणत, आणि ते हसून सांगत, "माझ्या मुलीने तपासलंय. मशीन चांगलं आहे, हात गेला." माझ्या मुलीने, हे शब्द ते अभिमानाने म्हणत. हे बाई आतल्या खोलीतून ऐकायच्या आणि त्यांनाही, खोटं कशाला बोला, बरं वाटायचं. बाबा गेल्यावर महिन्याभरात मशीन भंगारात गेलं. बाईंनी स्वतःचं दुकान काढलं आणि पाटीवर लिहिलं, फक्त कपड्याची मशीनं. लोक विचारत, कातड्याचं का नाही करत. त्या म्हणत, जड काम आहे, बाईमाणसाला झेपत नाही. ऐकणाऱ्याला हे लगेच पटे. बाईंचं त्याच्याविषयीचं मत तिथेच ठरून जाई.

नवव्या दिवशी मशीन हलकं फिरू लागलं. बाईंनी बाजारातून सुया आणवल्या, या मशीनच्या म्हणून मिळतात त्याच, काळ्या कागदातल्या. सुई खोबणीत वर टेकेपर्यंत ढकलली, स्क्रू आवळला, दोरा ओवला. चौथ्या प्रयत्नात ओवला गेला. जाड कातड्याचा तुकडा घातला आणि चाक फिरवलं. आठ टाके पडले, नववा सुटला. पुढे पाच पडले, सहावा सुटला. बाई थांबल्या. त्यांनी डावा हात कातड्यावरून उचलून मांडीवर ठेवला, आणि तो तिथे हलत राहिला. झालं, त्यांच्या मनात आलं, आपलाही गेला. बाबांसारखाच. दुकान बंद करतोय ते बरोबरच करतोय. हे मनात येऊन त्यांना जवळजवळ समाधान वाटलं. मग, तीस वर्षांची सवय म्हणून, डावा हात मांडीवरच ठेवून, कातडं नुसतं पावलाखाली सोडून त्यांनी उजव्या हाताने चाक फिरवलं. अकरावा टाका सुटला.

हाताने धरलेलंच नव्हतं काही.

वरच्या फळीवर, अजून न बांधलेल्या सामानात, मालकांनी दुकान मोडताना दिलेलं माहितीपुस्तक होतं. मुखपृष्ठ नाही, पुढची पानं तेलाने पारदर्शक झालेली. कपड्याच्या मशीनांचा भाग बाईंना पाठ होता. कातड्याच्या मशीनांचा त्यांनी कधी उघडला नव्हता, ती पानं अजून कोरी करकरीत होती. तीस वर्षं कळसा काखेत होता. दोन चित्रं शेजारी शेजारी छापलेली, दोन्ही लांब नाकाची, डोळे झाकून एकसारखी म्हणावीत अशी. खाली लिहिलं होतं की खटका बाजूला असेल तर मशीन नवीन वाणाचं, मागे असेल तर जुन्या वाणाचं. जुन्या वाणाची सुई किंचित लांब असते आणि आता ती बनत नाही. नवी सुई घालायची झाल्यास ती पूर्ण वर न ढकलता नखाच्या जाडीइतकी खाली ठेवून आवळावी, अन्यथा जाड कातड्यावर टाके सुटतात. एवढंच. साडेतीन ओळी. बाईंनी त्या उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या.

नखाच्या जाडीइतकी. बाईंनी स्क्रू ढिला केला, सुई तेवढी खाली ओढली, स्क्रू आवळला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी डावा हात मुद्दाम कातड्यावर ठेवला. तो हलत होता, चांगला दिसेल इतका. त्यांनी चाक फिरवलं. मशीनचं पाऊल कातडं पकडे, सुई खाली जाई, पाऊल कातडं स्वतःच पुढे ओढी. त्या ओढीत हाताला काही विचारण्याची पद्धतच नव्हती. हात हलत होता आणि शिवण सरळ चालली होती. कोपरा आला तेव्हा बाईंची करंगळी उडाली, कडी वळली, पाऊल वळलं. तुकडा संपेपर्यंत त्या शिवत गेल्या. दोरा तोडून त्यांनी शिवण खिडकीत नेली आणि एकेक टाका मोजावा तसा बोटाने पाहिला. सगळे होते. सगळे सारखे होते. बाबांनी त्या दिवशी असेल म्हणण्याआधी हात उलटासुलटा करून पाहिला होता, तसा बाईंनी आपला पाहिला, आणि मग त्या खिडकीशीच उभ्या राहून रडल्या. रडणं फार मोठं नव्हतं. रिकाम्या दुकानात ते जरा जास्त ऐकू आलं, इतकंच.

हे कुणालातरी सांगायला हवं होतं. आई नव्हती, मालक नव्हते, ज्यांनी आतल्या खोलीबाहेर बसून बाबांचं ते वाक्य ऐकलं ती गिऱ्हाइकंही आता नसणार. उरला बाळ. त्यांनी बाळला फोन लावला आणि सुई, खटका, पुस्तक, सगळं एका दमात सांगितलं. बाळने ऐकून घेतलं. तो म्हणाला, "पण ताई, बाबांचा हात हलायचाच की. चहा सांडलेला मी पाहिलाय."

"हलायचा. टाका त्याने सुटत नव्हता."

मागे बाळच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. "अगं चाळीस वर्षं झाली," तो म्हणाला. "आता हे कळून काय करायचं?" त्याने खरंच विचारलं होतं. मग त्याने टेम्पोची आठवण करून दिली, महिनाअखेरीला सकाळी आठला येईल म्हणाला. बाई म्हणाल्या, "टेम्पोचं मग बघू." फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, याला आपण भलत्याच वेळी एक जड वस्तू हातात दिली आणि त्याने ती ठेवायला जागा नाही म्हणून परत दिली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

पर्सवाली मुलगी शनिवारी आली. काळं लख्ख मशीन आणि त्यावरची सोनेरी वेल पाहून ती आधी हातच लावेना. बाईंनी तिला सांगितलं की कंपनीचं नाव मिळालं नाही, मिळेलसं वाटत नाही. पण वाण जुना आहे, खटका मागे आहे, वाकताना कपाळ सांभाळ. मग त्यांनी तिला बसवलं, कडी कशी वळवायची दाखवलं. करंगळीने, असं. मुलीने पर्सेचा कोपरा वळवला आणि तो कोपरा पुन्हा पुन्हा पाहत राहिली. तोवर बाईंनी एक चिकटपट्टी कापून घेतली आणि पेनने लिहायला बसल्या. डावा हात कागद धरून होता. तो हलत होता, म्हणून अक्षरं लहान-मोठी होत होती. मुलगी ते पाहत होती. बाईंनी हात लपवला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पट्टी मशीनच्या मानेवर, खटक्याच्या वरच्या बाजूला, जिथे दुरुस्तीला बसणाऱ्या कुठल्याही शहाण्याला दिसेलच अशा जागी चिकटवली आणि चारी बाजूंनी अंगठ्याने दाबली. मुलीला म्हणाल्या, "वाच. मोठ्याने."

मुलीने वाचलं, अक्षर लागत नव्हतं तिथे अडखळत. "या मशीनची सुई पूर्ण वर ढकलू नये. नखाएवढी खाली ठेवून आवळावी. टाका सुटला तर आधी सुई बघावी. हाताला दोष देऊ नये."

"पुन्हा," बाई म्हणाल्या, "शेवटचं पुन्हा वाच." आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.